आधी जॅक, मग साखळी

आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादक बाई मूळच्या पुण्याच्या, एडिनबरात एका बँकेच्या आयटीमध्ये आहेत. फोनवर म्हणाल्या, "काका, यूकेमधल्या तुमच्या प्रवासावर लिहा ना." मी म्हटलं, बाई, मी प्रवास फारसा केलाच नाही. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांना मागून कारव्हॅन जोडून दिल्या. लोक हायलँड्सला गेले, कॉर्नवॉलला गेले, बोटीने फ्रान्सला गेले. मी यार्डातच होतो, ओल्या खडीवर उभा. "मग तेच लिहा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेच लिहितोय. टाइप करायला एकच हात नीट चालतो, त्यामुळे सावकाश चाललंय. चुका पोटात घाला.

मी कामठीचा. नागपुरात आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढली. बायको सुनंदा नर्स. तिला एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि मी तिच्या व्हिसावर मागून आलो. वर्षभर घरी बसून भाज्या चिरल्या, खिडकीतून पाऊस पाहिला. मग कुणीतरी सांगितलं की एडिनबरा आणि ग्लासगोच्या मधे, मोटरवेला लागून एक कारव्हॅन यार्ड आहे, त्यांना हाताने काम करणारा माणूस हवाय. मालक यूअन, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याने नाव विचारलं. प्रभाकर म्हटल्यावर दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि म्हणाला, "प्रॅब चालेल?" मी म्हटलं, चालेल. त्या दिवसापासून मी प्रॅब.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण मंडळात बऱ्याच जणांना अजून वाटतं की मी गाड्या विकायचो. कारव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. आत पलंग, शेगडी, छोटा संडास. तिला इंजिन नसतं. आपल्या कारच्या मागे एक लोखंडी गोळा बसवलेला असतो, मोठ्या लिंबाएवढा. कारव्हॅनच्या पुढच्या दांड्याला एक वाटी असते. ती वाटी त्या गोळ्यावर बसते आणि आतली कडी अडकते. सत्तर मैल लांबचा समुद्रकिनारा, घरातली दोन-तीन माणसं, कुत्रं, सगळं त्या लिंबाच्या भरवशावर असतं. वाटी नीट बसली का बघायचं, दिव्यांची वायर लावायची, कारव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक बारीक तार असते ती अडकवायची, पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. दहा मिनिटांचं काम. पण लोक ते गप्पा मारत करतात, फोनवर बोलत करतात, आणि मग माझ्याकडे येतात.

आपल्याच मंडळातला एक निखिल आला होता. पुण्याचा, ग्लासगोत नोकरीला, नवीन लग्न झालेलं. त्याने भाड्याने कारव्हॅन घेतली आणि हौसेने थेट लंडनच्या वेम्बलीला गेला, मेहुणीकडे. येताना तिथल्या ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानांतून तांदळाची पोती, पिठाच्या थैल्या, तेलाचे डबे, पाट्यावरवंट्यासकट एक संसार घेऊन आला आणि सगळं मागच्या पलंगाखाली रचलं. मोटरवेवर त्याची कारव्हॅन शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवीकडे हलायला लागली. घाबरून तो तीसच्या स्पीडने आमच्या यार्डापर्यंत आला. मागे गाड्यांची रांग. उतरला तो थेट माझ्याकडे आला.

"काका, हिचं काहीतरी तुटलंय."

मी आत डोकावलं आणि म्हटलं, "तुटलं काही नाही. तुझी गाडी उलाळ झालीय."

त्याला तो शब्द माहीत नव्हता. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरची पकड जाते, तिला उलाळ म्हणतात. तेच इथे. वजन पुढे घ्यावं लागतं, पण फार पुढेही नाही. आम्ही दोघांनी ती पोती पुढे ओढली. जाताना पाच किलोची एक थैली ठेवून गेला. चांगला मुलगा आहे, अजून दिवाळीला फोन करतो.

हे झालं साध्या कारव्हॅनचं. पण काही हौशी लोक अमेरिकेतून मोठाले ट्रेलर आणवतात. लांब, जड, चांदीसारखे चकचकीत. त्यांचं तोंड इतकं जड असतं की गाडीला जोडल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि पुढचा वर उचलला जातो. पुढची चाकं रस्त्याला नीट धरत नाहीत. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक उशिरा लागतात. त्यावर उपाय म्हणून तिकडे एक वेगळी जोडणी वापरतात. गोळ्याच्या खालून दोन जाड स्प्रिंगचे दांडे मागे ट्रेलरकडे जातात आणि साखळीने वर ओढून ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या, वर-खाली होणाऱ्या लोखंडी कड्यांना अडकवलेले असतात. दांडे वाकतात, आणि त्या वाकण्याच्या जोरावर मागचं वजन पुढच्या चाकांवर ढकललं जातं. गाडी पुन्हा सपाट होते. पाहिलं की बरं वाटतं.

धोका सोडताना असतो. त्या वाकलेल्या दांड्यांत केवढी ताकद कोंडलेली असते ते डोळ्यांना दिसत नाही. दिसते फक्त साखळी, ताठ. म्हणून क्रम ठरलेला आहे. गाडी सपाट जागेवर, सरळ रेषेत. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. मग वाटी गोळ्यावर तशीच अडकलेली असताना पुढचा जॅक फिरवायचा, म्हणजे ट्रेलरचं तोंड आणि गाडीची शेपूट दोन्ही मिळून वर येतात आणि दांड्यांवरचा ताण जातो. साखळी हाताने हलली पाहिजे. हलली तरच कड्यात लांब पाइप घालून, त्याच्या जोरावर कडा खाली घ्यायचा, तोही बाजूला उभं राहून, तोंड लांब ठेवून. मग दुसऱ्या बाजूचा. मग दांडे काढायचे. वाटी सगळ्यात शेवटी. आधी जॅक, मग साखळी. एवढंच लोकांना शंभर वेळा सांगितलं असेल. सांगून सांगून माझाच आवाज मला नकोसा झाला होता.

आमच्या यार्डात असे ट्रेलर तीनच होते. त्यातला एक अ‍ॅलिस्टर आणि मॉइरा यांचा.

अ‍ॅलिस्टर पश्चिम किनाऱ्यावरच्या फेरीबोटींवर इंजिनिअर होता. मी त्याला मिस्टर अ‍ॅलिस्टर म्हणायचो. इथे मिस्टर आडनावाला लावतात, म्हणून यूअन दर वेळी हसायचा. मॉइराने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं, तीनशे मुलांचं जेवण. दोघंही सत्तरीच्या पुढे. हिवाळाभर त्यांचा ट्रेलर आमच्याकडे उभा असायचा, एप्रिलमध्ये ते न्यायला यायचे. अ‍ॅलिस्टर कुणालाही हात लावू द्यायचा नाही. इस्त्रीची डांगरी घालून यायचा, खडीवर गुडघ्यांखाली रबराचा तुकडा टाकायचा आणि सगळं एकटा करायचा. मी शेजारी उभा राहून बघायचो. इतकं स्वच्छ काम करणारा माणूस मी नागपुरातही पाहिला नाही आणि इथेही नाही. खरं सांगायचं तर दांड्यांचं निम्मं काम मी त्याच्याकडे बघूनच शिकलो.

मग एका वर्षीचा एप्रिल असा आला की त्याने सगळं केलं, उठला, हात पुसले, आणि मला उजव्या बाजूची पिन ट्रेलरच्या दांड्यावर तशीच पडलेली दिसली. कडा वर घेतल्यावर तो खाली पडू नये म्हणून त्यात एक छोटी पिन घालतात. ती नसेल तर एखाद्या खड्ड्यात कडा उघडू शकतो, आणि मोटरवेवर तसं झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही. अ‍ॅलिस्टर गाडीत बसायला गेला. मी वाकलो, पिन बसवली आणि सरळ झालो. मॉइरा माझ्याकडे बघत होती. मी नजर वळवली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तेव्हाच.

घरी सुनंदाला सांगितलं. ती म्हाताऱ्यांच्या वॉर्डातच होती. तिने विचारलं, "आणखी काय विसरले ते?" मी म्हटलं, चाकांना ठोकळे लावायचे राहिले होते, ते यूअनने लावले. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या बायकोशी बोला. नाही तर तुमच्या मालकाला सांगा. डॉक्टरकडे न्यायला पाहिजे त्यांना."

"मी कोण सांगणारा? माझ्याहून मोठा माणूस आहे. मला शिकवलं त्याने."

"म्हणूनच सांगा ना जी," ती म्हणाली. मी टीव्ही लावला.

जूनमध्ये यार्डात मॉइराचा फोन आला. किनाऱ्यावरच्या एका कॅम्पसाइटवर अ‍ॅलिस्टरने ट्रेलर सोडताना साखळ्या ताठ असतानाच आधी वाटीची कडी उघडली होती. स्फोट झाल्यासारखा आवाज झाला, ट्रेलरचं तोंड उसळलं आणि गाडीच्या मागच्या दारावर आपटलं. कुणाला लागलं नाही. शेजारच्या तंबूतली माणसं धावत आली. अ‍ॅलिस्टर म्हणाला, लोखंड जुनं झालंय.

"लोखंड जुनं झालेलं नाही," मॉइरा फोनवर म्हणाली. मग म्हणाली, "प्रॅब, तू मला शिकवशील? त्याला न सांगता?"

दर गुरुवारी दुपारी शेजारी अ‍ॅलिस्टरला बोलिंग क्लबला न्यायचा. त्या वेळात मॉइरा बसने यार्डात यायची, घरी सांगायची केस कापायला जाते. त्यांचा ट्रेलर दुरुस्तीला आमच्याकडेच आणून ठेवला होता. यूअनच्या जुन्या व्हॅनला तो जोडून मी तिला शिकवलं, आणि मागे घ्यायचं कसं ते यूअनने शिकवलं. यूअन तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारून मोठ्याने ओरडायचा, "मॉइरा, उलटं! उलटं फिरव!" तीही त्याच्यावर ओरडायची. मला दोघांचा हेवा वाटायचा.

तिने विचारलेला पहिलाच प्रश्न मला आवडला. "जे आधीच वर अडकलंय ते सोडण्यासाठी आणखी वर का उचलायचं?"

मी म्हटलं, "म्हणजे दांड्यांवरचा जोर जातो. साखळीला हात लावून बघा. हलली की झालं."

"बटाटा शिजला का बघतात तसं."

"तसंच."

शाळेत चाळीस वर्षं मोठी पातेली उचलल्यामुळे तिच्या हातात जोर होता. उंची कमी पडत होती, म्हणून मी तिला थोडा लांब पाइप कापून दिला. पाचव्या गुरुवारी तिने माझ्याकडे एकदाही न बघता सगळं जोडलं आणि सगळं सोडलं. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. म्हणाली, "आता त्याला सांगायचं कसं?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "तुमचं ऐकतील."

बघा, पुन्हा तेच. मी स्वतः बाजूला झालो.

ऑगस्टमध्ये ते आठवडाभर कुठेतरी जाऊन परत आले. जाताना आम्ही जोडून दिलं होतं. गाडी अजून अ‍ॅलिस्टरच चालवत होता. मॉइरा म्हणायची, रस्त्यावर तो अजून ठीक आहे. मला ते पटलं नव्हतं, तरी मी मान हलवली होती. दुपारची वेळ, भुरभुर पाऊस. यूअन ऑफिसात फोनवर. मी ठोकळे घेऊन गेलो, चाकांना लावले. अ‍ॅलिस्टर गाडीतून उतरला, मॉइराही उतरली आणि म्हणाली, "आज मी करते."

"काय करतेस?"

"सोडते. मला येतं."

"तुला?" तो हसला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यात शिकले."

"कुणी शिकवलं?"

तिची नजर माझ्याकडे गेली. मग त्याचीही. तो चेहरा मी अजून विसरलो नाही. रागापेक्षा त्यात दुसरंच काही होतं. मी त्याच्या घरात शिरून काही उचलून नेलं असावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

"माझ्या पाठीमागे?" एवढंच म्हणाला. गाडीतून पाइप काढला, उजव्या बाजूला गेला आणि पिन ओढली. जॅक तसाच वर होता, जमिनीला टेकलेलाही नव्हता. साखळी ताठ. त्याने पाइप कड्यात घातला.

मी म्हटलं, "मिस्टर अ‍ॅलिस्टर, एक मिनिट, प्लीज."

माझा आवाज कसा होता ते मला नीट आठवतं. चहात साखर किती विचारताना असतो तसा. तेवढ्या एका क्षणी मी "थांब!" म्हणून ओरडलो असतो तर तो दचकून थांबला असता, अशी माझी खात्री आहे. पण मोठ्या माणसावर, त्याच्या बायकोसमोर, ओरडायला माझा घसा तयार नव्हता. त्याने पाइपवर वजन टाकलं. मी पुढे झेपावलो, उजव्या हाताने त्याला खांद्याला धरून ढकललं. डावा हात कुठे होता ते मला कळलंच नाही. कडा सुटला, पाइप फिरला आणि तो हात त्याच्या वाटेत होता.

दुखायला थोडा वेळ लागतो. आधी मी फक्त पाहिलं, मनगटाच्या वर, जिथे वाकायला जागा नसते तिथे, हात वाकलेला होता. अ‍ॅलिस्टर खडीवर बसला होता, टोपी पडलेली. त्याला खरचटलंही नव्हतं. मॉइरा फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती, एकेक अक्षर, शांतपणे.

मग अ‍ॅलिस्टर उठला. माझा हात पाहिला आणि लगेच कामाला लागला. दोन फळ्यांचे तुकडे शोधले, मॉइराचा स्कार्फ घेतला, माझा हात त्या फळ्यांमध्ये असा हळुवार बांधला की हॉस्पिटलातल्या मुलीने नंतर विचारलं, हे कुणी बांधलं? त्याचे हात जराही थरथरत नव्हते. बांधता बांधता मान वर न करता तो म्हणाला, "जॅक न लावता दांडा सोडणारा गाढव कोण होता? अशा माणसाला यार्डात ठेवू नये."

तेवढ्यात धावत आलेल्या यूअनने खडीवर पडलेला पाइप उचलून बाजूला ठेवला.

हाताची दोन्ही हाडं मोडली होती. प्लेट बसवली, स्क्रू बसवले. सुनंदा तिच्याच हॉस्पिटलात माझ्या पलंगापाशी युनिफॉर्ममध्ये उभी होती. रागावली नव्हती, ड्यूटी करून थकली होती. म्हणाली, "तुम्ही ओरडले का नाही? वॉर्डात आम्ही मोठ्याने सांगतो. हात धरून सांगतो. त्यात अपमान नसतो हो."

मी म्हटलं, "मला वाटलं असतो."

आठवड्याने मॉइरा घरी आली. डब्यात स्वतः केलेली शॉर्टब्रेडची बिस्किटं होती. सुनंदाने चहा केला आणि मुद्दाम आत निघून गेली. मॉइराने कप हातात धरला, प्यायली नाही.

"यूअन म्हणतो, अपघाताच्या वहीत तू लिहायचंस. काय झालं ते."

"हो. विमावाले मागतात."

"त्याचं नाव लिहावं लागेल?"

मी मान हलवली.

"ते लिहिलंस की मला डॉक्टरांना सांगावं लागेल. डॉक्टरांना सांगितलं की त्याचं लायसन्स जाईल. प्रॅब, गाडी ही एकच गोष्ट उरलीय त्याच्याजवळ. मी म्हणू शकते पाइप तुझ्याच हातात होता. तू म्हणू शकतोस."

ती माझ्याकडे काही मागत होती, आणि मला ती गोष्ट द्यायची होती, हे कबूल करतो. सोपं होतं. हात माझाच मोडला होता. नोकरी यूअन काढून घेणार नव्हता. एप्रिलपासून मी हेच तर करत आलो होतो, पिन गुपचूप बसवायची आणि सरळ व्हायचं. पण मला सारखी ती कॅम्पसाइट दिसत होती, आणि शेजारच्या तंबूतून धावत आलेली माणसं. ती जरा आधी धावली असती, कुणी मधे उभं असतं, तर.

"मी खरं लिहिणार आहे," मी म्हटलं. आवाज चढला होता थोडा. आयुष्यात पहिल्यांदा, तोही चुकीच्या माणसासमोर.

मॉइराने कप ठेवला, डबा तिथेच ठेवला आणि गेली.

मी उजव्या हाताने लिहिलं. कोण, कुठे, जॅक लावला नव्हता, पिन कुणी ओढली. यूअनने वाचलं, सही केली. एक गोष्ट मात्र मी त्या वहीत लिहिली नाही. एप्रिलमध्ये मी पिन पाहिली होती आणि गप्प राहिलो होतो, हे. दुसऱ्याची चूक लिहिताना माझ्या पेनला काही अडलं नाही. माझी लिहायची वेळ आली तेव्हा मला पान संपल्यासारखं वाटलं. म्हणून ती इथे लिहितोय, जिथे विमावाले वाचणार नाहीत.

लायसन्स गेलं. अ‍ॅलिस्टरने ते पत्र वाचून चार तुकडे केले, असं यूअनने मला सांगितलं. त्याला शेजाऱ्याकडून कळलं होतं. मॉइराचा फोन आला नाही. मी यार्डात परत गेलो, पण डाव्या हाताची पकड गेली होती ती पुन्हा आली नाही. नंतरचे दोन हिवाळे मी ऑफिसात फोन घेत काढले आणि मग थांबलो. मुलगी म्हणते, बाबा, यू डिझर्व अ रेस्ट. तिचं मराठी कच्चं आहे, पण म्हणते ते बरोबर आहे. रोज सकाळी आठ वाजता मी आवरून तयार असतो आणि जायला कुठे नसतं.

आणखी एकच सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, माझा हात अजून प्लास्टरमध्ये होता, एक गाडी यार्डात आली. चालवत मॉइरा होती. शेजारच्या सीटवर अ‍ॅलिस्टर. ती उतरली आणि सरळ माझ्याकडे आली.

"तीन आठवडे मला तुझा फार राग होता," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता मला वेळ नाही. उत्तरेला माझ्या बहिणीकडे जातोय. तिला पाहिलं की त्याला बरं वाटतं. ट्रेलर जोडायचाय."

मी यूअनला हाक मारायला वळलो. ती म्हणाली, "नको. तू फक्त उभा राहा."

मी उभा राहिलो. दुसरं काही करण्याजोगा मी नव्हतोच. अ‍ॅलिस्टरसाठी यूअनने ऑफिसातली खुर्ची बाहेर आणून ठेवली. मॉइराने गाडी मागे घेतली, चुकली, पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा गोळा बरोबर वाटीखाली आला. वाटी बसवली, कडी लावली, वर ओढून पाहिली. जॅक फिरवून दोन्ही मिळून वर घेतलं. दांडे बसवले, साखळ्या घेतल्या, पाइपने एक कडा, मग दुसरा. पिन डावी, पिन उजवी. जॅक वर घेतला. वायर, तार, ठोकळे. मला वीस मिनिटं लागली असती, तिला पाऊण तास लागला. मधे एकदा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिनेच स्वतःची चूक शोधून साखळी एका कडीने सुधारली.

मग ती खुर्चीपाशी गेली. "अ‍ॅलिस्टर, जरा बघून घे. बरोबर झालंय का."

तो उठला. सावकाश पूर्ण फेरी मारली. वाकून दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजल्या, पिनांना बोट लावलं, लांब जाऊन गाडी सपाट आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं. काम तपासणारा इंजिनिअर, आणखी काही नाही. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," मॉइरा म्हणाली.

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओल्या केसांची, हात काळे झालेली एक बाई. कुणी ओळखीचं माणूस समोर असल्याची काही खूण त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. मान डोलावली. मग माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ही बाई कामाची आहे. हिला सोडू नका."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

मॉइराने ते ऐकलं होतं. तिने हात पँटला पुसले, त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं, तो बसल्यावर आत वाकून त्याचा पट्टा लावला. क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग गाडीला पुढून वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसली आणि आरसे नीट करायला लागली.

मी गेट उघडायला गेलो.